‘उपलब्ध’ या शब्दाविषयी

गेल्या वर्षी अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत एम.ए.च्या कादंबरीविषयक अभ्यासपत्रिकेसाठी साहित्यकृती ठरवावयाच्या होत्या. १९५० नंतरच्या दशकातील एका लेखिकेची कादंबरी आम्ही सुचविली. कादंबरी नेमण्याच्या योग्यतेची आहे याविषयी दुमत नव्हते. ज्यांनी ती वाचली होती त्यांचे नव्हते, आणि ज्यांनी वाचली नव्हती त्यांनीही मान डोलावली. मग एका सदस्यांनी खिशातून मोबाइल काढला, एका ऑनलाइन ग्रंथदुकानाच्या शोधपेटीत कादंबरीचे नाव लिहिले आणि दहा सेकंदांत सांगितले, “नाहीये.” तेवढ्यावर विषय संपला. तिच्या जागी जी कादंबरी लागली तीही वाईट नाही. पण ती का लागली, याचे खरे उत्तर इतिवृत्तात कोठेही नाही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असा शब्द आहे.

त्या कादंबरीचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. हे वाचून एखाद्या प्रकाशकाला ती काढण्याची बुद्धी झाली तर ते नाव मुखपृष्ठावरच वाचावयास मिळो, अशी आमची इच्छा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो ‘नाहीये’ या शब्दाचा, आणि त्याच्या विरुद्धार्थी असलेल्या ‘उपलब्ध’ या शब्दाचा.

‘पुस्तक मिळते का?’ हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीतील प्राध्यापकही विचारीत. फरक इतकाच, की तो प्रश्न प्रकाशकाला विचारला जाई आणि बहुधा पुस्तक नेमण्याचे मनात निश्चित झाल्यावर विचारला जाई. विद्यापीठाने एखादा कवितासंग्रह नेमला की प्रकाशकापुढे नवी आवृत्ती काढण्याचे सबळ कारण उभे राही. संपलेली पुस्तके पुन्हा छापली जाण्याचा तो एक राजमार्ग होता. ‘विद्यार्थी आवृत्ती’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो त्यातूनच. म्हणजे पुस्तक नेमले म्हणून ते उपलब्ध होत असे. आज ते उपलब्ध असेल तरच नेमले जाते. ही उलटापालट कोणी ठरवून केलेली नाही, तिच्यासाठी कोणी ठरावही मांडलेला नाही. ती हातातल्या पडद्यावर दहा सेकंदांत होऊन जाते.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन ग्रंथदुकानांच्या विरोधात आम्ही नाही. कागदाचा वास, फळ्यांमधून फिरण्याची मौज, दुकानदाराशी होणाऱ्या गप्पा यांविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. अशा लेखनातील बरेचसे पुणे-मुंबईत वाढलेल्यांचे असते. आम्ही एम.ए. करीत होतो तेव्हा, म्हणजे २००३ ते २००५ या काळात, आमच्या तालुक्याच्या गावी पुस्तकांची दोन दुकाने होती. एकात गाइडे आणि वह्या मिळत, दुसऱ्यात पोथ्या, पंचांगे आणि पूजासाहित्य. संदर्भग्रंथांची चिठ्ठी खिशात घालून पहाटेच्या एस.टी.ने पुण्यास जावयाचे, अप्पा बळवंत चौकात उतरावयाचे, आणि चिठ्ठीतील बारा नावांपैकी चार हाती लागली तर दिवस सत्कारणी लागला असे समजावयाचे, ही आमची ग्रंथखरेदी. “संपलंय, पुढच्या महिन्यात बघा,” हे वाक्य दुकानदार ज्या सहजतेने म्हणत, त्या सहजतेला जाण्यायेण्याच्या भाड्याची कल्पना नसे. आमच्यापैकी एकाने नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ ग्रंथालयातील प्रतीवरून शंभर पानी वहीत अक्षरन् अक्षर उतरवून काढला होता. ती वही अजून आहे. तिच्याविषयी आम्हांला जिव्हाळा आहे. तथापि आमच्या विद्यार्थ्यांवर तशी वेळ यावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

आणि येतही नाही. वाडीवर राहणारी, आठवड्यातून तीन दिवस महाविद्यालयात येऊ शकणारी मुलगी आज भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ घरी बसून मागविते आणि आठवड्याभरात ती तिच्या हाती पडते. श्रीरामपूरचे शब्दालय, छत्रपती संभाजीनगरचे साकेत, पुण्याचे सुगावा अशा प्रकाशनांची पुस्तके एका ठिकाणी, एका वेळी, एकाच पडद्यावर पाहावयास मिळतील, हे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा गोवा विद्यापीठात मराठी शिकणाऱ्यांना त्याचे मोल आमच्याहूनही अधिक असणार. पुण्याच्या बुकगंगेसारख्या संकेतस्थळाने छापील पुस्तकांबरोबर मराठी ई-पुस्तकेही विकावयास काढली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. परदेशातील मराठी वाचकाला तर हे दारच नव्याने उघडले. वैविध्य वाढले हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो या वैविध्याचा पोत कसा आहे, आणि त्याच्यापुढे आम्ही शिक्षकांनी आमची कोणती कामे खाली ठेवून दिली, हा.

इंटरनेटवरील खरेदीची सुरुवात पुस्तकांपासून का झाली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अॅमेझॉनने १९९५ साली विक्री सुरू केली ती पुस्तकांनी. बंगळुरूला २००७ साली सुरू झालेल्या फ्लिपकार्टनेही आरंभ पुस्तकांनीच केला. या दोन्ही घटनांचा वाङ्मयप्रेमाशी संबंध नाही. पुस्तक नासत नाही, मोडत नाही, अंगाला बसेल की नाही हा प्रश्न येत नाही, आणि त्याच्या जाती मात्र लक्षावधी असतात. एवढ्या जाती कोणत्याही भिंतींच्या दुकानात मावणे शक्य नाही. म्हणून बिनभिंतींच्या दुकानाला पुस्तक हा आदर्श माल. २००४ साली क्रिस अँडरसन यांनी यावर एक सिद्धान्त मांडला आणि २००६ साली त्याचे पुस्तक केले. त्याला ‘लांब शेपटाचा सिद्धान्त’ म्हणता येईल. थोडक्यात त्यांचे म्हणणे असे, की फळीला भाडे पडते तोवर दुकानदार खपणारीच पुस्तके ठेवणार. भाडे शून्याकडे गेले की वर्षाकाठी एकदोन प्रती जाणारी पुस्तकेही ठेवणे परवडते, आणि अशा मंद खपाच्या पुस्तकांचे हे लांबच लांब शेपूट एकत्र मोजले तर ते मूठभर लोकप्रिय पुस्तकांच्या तोडीस उतरते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून गोड वार्ता कोणती? आम्ही जे शिकवितो ते सगळे त्या शेपटातच असते.

मराठीत हे शेपूट मध्येच तुटलेले आहे. कारण फळी अमर्याद झाली तरी तिच्यावर ठेवावयाची प्रत कोणी तरी छापावी लागते. हजारभर प्रतींची आवृत्ती ही मराठीतील जुनी रीत. अलीकडे त्याहूनही कमी प्रती काढून थांबणारे प्रकाशक पुष्कळ आहेत. कविता आणि समीक्षा यांची गत तर विचारूच नये. त्या प्रती ग्रंथालयांत, परिचितांत आणि परीक्षणार्थ वाटण्यात गेल्या, की पुस्तक संपले. दुकानाच्या पडद्यावर मात्र ते संपत नाही. मुखपृष्ठ दिसते, किंमत दिसते, लेखकाचा परिचयही दिसतो. फक्त खाली बारीक अक्षरांत ‘सध्या उपलब्ध नाही’ अशी ओळ असते. त्यातील ‘सध्या’ हा शब्द आमच्या अनुभवास आलेला सर्वांत दीर्घायुषी कालवाचक शब्द आहे. एका समीक्षाग्रंथाबाबत आम्ही तो अकरा वर्षे वाचत आहोत.

मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याचे तंत्र आता आहे, आणि त्याने हे तुटलेले शेपूट सांधता येईल. काही प्रकाशक ते करूही लागले आहेत. अडचण आहे ती तंत्राच्या मागच्या बाजूला. खिळ्यांवर जुळविलेल्या पुस्तकांची संगणकीय प्रत नसतेच. १९९० नंतरची जी पुस्तके संगणकावर जुळविली गेली ती युनिकोडपूर्व टंकांत आहेत, आणि त्यांचे आजच्या टंकात रूपांतर केले की जोडाक्षरे फुटतात. ती निस्तरावयास मुद्रितशोधक हवा, आणि वर्षाला चार प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी मुद्रितशोधकाला पैसे कोण देणार? मग सोपा मार्ग म्हणजे जुन्या प्रतीची छायाचित्रे काढून तीच छापणे. असे एक पुस्तक आम्ही विभागासाठी मागविले होते. कोणत्या विक्रेत्याकडून ते सांगत नाही. मुखपृष्ठावर कोणत्या तरी परदेशी सरोवराचे चित्र, आत दोन पाने उलटी, आणि एका पानावर पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा. अंगठ्याखाली नेमकी तीच तळटीप होती जी आम्हांस हवी होती.

आता पोताचा प्रश्न. एखाद्या ऑनलाइन ग्रंथदुकानात ‘श्यामची आई’ शोधून पाहावे. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ सालचे. गुरुजी १९५० मध्ये गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा आपल्या कायद्यातील नियम धरला तर २०११ पासून ते कोणालाही छापता येते. तेव्हापासून ते छापणाऱ्यांची रांग लागली आहे. पडद्यावर एकाखाली एक मुखपृष्ठे येत राहतात: कोठे आई स्वयंपाकघरात, कोठे अंगणात, कोठे ती समईच्या उजेडात. वैविध्याची गणना करणारे यंत्र ही निरनिराळी पुस्तके मोजते. पुस्तक एकच.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात एकाच नावाखाली निरनिराळी पुस्तके असतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. त्यांची संक्षिप्त आवृत्ती आहे, संपूर्ण आवृत्ती आहे, आणि अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली अभिनव आवृत्तीही आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे आत्मचरित्र शिकवीत होतो. नारायण वामन टिळकांच्या एका विक्षिप्त वागणुकीचा प्रसंग वर्गात वाचावयास घेतला, तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, माझ्या पुस्तकात हे नाहीच.” आम्हांला वाटले पान चुकले असेल. मग दुसरीच्याही पुस्तकात ते नव्हते, तिसऱ्याच्याही. चौदा जणांच्या वर्गात पाच जणांकडे संक्षिप्त प्रत निघाली. पाचांनीही पुस्तक ऑनलाइन घेतले होते, पाचांनीही त्यातल्या त्यात स्वस्त प्रत निवडली होती, आणि ज्या पानावरून ती निवडली तेथे ‘संक्षिप्त’ हा शब्द कोठेही नव्हता. पृष्ठसंख्येच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहिलेले होते. पुस्तकाला पृष्ठसंख्या लागू नाही!

त्या पाच जणांचा यात काय दोष? दोष असलाच तर आमचा. संदर्भसूचीत आम्ही लिहिले होते, ‘स्मृतिचित्रे – लक्ष्मीबाई टिळक’. प्रकाशक नाही, वर्ष नाही, संपादक नाही. अभ्यासमंडळांच्या बहुतेक सूच्या अशाच असतात. पूर्वी हे चालून जाई, कारण दुकानदाराला विद्यापीठाला कोणती प्रत लागते ते ठाऊक असे, नाही तर ग्रंथपालाला तरी असे. आमच्या सूचीतील पोकळ जागा ही माणसे आपल्या अनुभवाने भरून काढीत होती आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. तुकोबांची गाथा नेमताना तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. शंकर पांडुरंग पंडितांच्या संपादनाखाली सरकारी आश्रयाने निघालेली इंदुप्रकाशची गाथा, सांप्रदायिक परंपरेतील प्रती, नंतरची शासकीय आवृत्ती, यांत अभंगांची संख्या वेगळी, क्रमांक वेगळे, पाठही वेगळे. ‘अभंग क्रमांक १ ते ५०’ असे अभ्यासक्रमात लिहिले आणि प्रत सांगितली नाही, तर विद्यापीठातील अर्धे विद्यार्थी वेगळेच अभंग वाचून परीक्षेस बसतील. हे घडलेले आहे.

शोधपेटीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण ‘नाहीये’ हे उत्तर पुष्कळदा खोटे असते. मराठीचे शुद्धलेखन १९६२ साली बदलले. त्यापूर्वीच्या ग्रंथांची नावे अनुस्वारांसह आहेत. मर्ढेकरांचा १९४७ चा संग्रह ‘कांहीं कविता’ या नावाचा आहे. आजचा विद्यार्थी ‘काही कविता’ असे लिहून शोधतो. यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. ‘गोलपिठा’तील पि ऱ्हस्व की दीर्घ, ‘स्मृतिचित्रे’तील ति ऱ्हस्व की दीर्घ, ‘बलुतं’ की ‘बलुते’, या प्रत्येक ठिकाणी पुस्तक हरवू शकते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र तर दोन निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला नाहीत. त्यात पुस्तकाची नोंद रोमन लिपीत केलेली असेल तर नोंद करणाऱ्याने किती ए घातले असतील याचा अदमास बांधीत बसावे लागते. आमच्या बैठकीतील त्या सदस्यांनी कादंबरीचे नाव कसे लिहिले होते, हे आम्ही नंतर विचारले. त्यांना आठवत नव्हते.

वर्गवारीची कथा आणखी निराळी. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ही १९५० ची कादंबरी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या सोलापूरकडील वसाहतीची आहे. मालतीबाई बेडेकरांनी त्या वसाहतीत काम केले होते आणि ते जग त्यांनी जवळून पाहिले होते. एका ठिकाणी आम्हांला ती ‘पौराणिक’ या सदरात, वामनावताराच्या शेजारी सापडली. हसून झाल्यावर असे वाटले, की दलित, भटके, विमुक्त यांच्या वाङ्मयाची पूर्वपीठिका शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ही कादंबरी त्या फळीवर कधीही भेटणार नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाने पुस्तक उघडून पाहून लावलेला क्रमांक आणि नावावरून लावलेले सदर यांत हा फरक असतो.

‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ अशी एक ओळ या दुकानांत असते. मराठी साहित्यशास्त्रावरील एक मूलगामी ग्रंथ मागविला असता आम्हांला त्याखाली नेट-सेटचे प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षांची मराठी व्याकरणाची पुस्तके आणि ‘वीस संभाव्य प्रश्न’ अशा नावाचे गाइड सुचविण्यात आले. यात यंत्राची चूक काहीच नाही. तो ग्रंथ घेणाऱ्यांनी तेही खरोखरच घेतले होते. घेणारे आमचेच विद्यार्थी, आणि कदाचित आमचे सहकारीही. पूर्वीचा दुकानदार हेच करी. “याबरोबर हे गाइड न्या,” असे तोही सांगे. पण कधी तरी एखादा दुकानदार असेही म्हणे, “हे नेताय, तर ते वाचलंय का?” आणि ते पुस्तक कोणी अजून घेतलेले नसे.

मराठीत पुस्तके वाचकांपर्यंत नेण्याचा जो मोठा प्रयत्न झाला त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९७५ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने सभासद करून, गावोगाव प्रदर्शने मांडून पुस्तके नेली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले. अशी पुस्तके हवी आहेत हे त्यापूर्वी कोणत्याही विक्रीच्या आकड्यावरून कळणे शक्य नव्हते, कारण तशी पुस्तकेच नव्हती. मागील खरेदीवरून पुढील शिफारस करणारी व्यवस्था कितीही चतुर असली तरी जे अजून कोणी मागितलेले नाही ते ती पुढे करू शकत नाही. आमच्या नव्या कवींचे पहिले संग्रह वर्षानुवर्षे शून्य खपाच्या ओळीत पडून राहतात ते यामुळे.

सरकारी प्रकाशनांचा उल्लेख ओझरता करतो, कारण त्यावर स्वतंत्र लेख लागेल. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाने प्रथम प्रसिद्ध केले. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन काढते. ही पुस्तके शासकीय ग्रंथागारात अत्यल्प किमतीत मिळतात, म्हणजे असतात तेव्हा मिळतात. आंबेडकरांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती. ग्रंथागारात ती नसली की मधले विक्रेते ती ऑनलाइन छापील किमतीच्या तिप्पट-चौपट दराने विकतात, आणि विद्यार्थी ती घेतात, कारण पडद्यावर ती ‘उपलब्ध’ असतात. गंमत अशी, की मंडळाची पुष्कळ पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. जे फुकट आहे ते दुकानाच्या यादीत येणार नाही, हे उघड आहे. पण ‘यादीत नाही म्हणजे पुस्तक नाही’ असे समजणाऱ्या पिढीला आम्ही शिकवीत आहोत आणि तिला तसे समजू देत आहोत.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतात, “दुकान ते दुकान. त्याच्याकडून ग्रंथालयाची अपेक्षा कशाला करता?” त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे, आणि तेच आम्ही मांडीत आहोत. दुकानाने ग्रंथसूची असल्याचा दावा केलेला नाही. त्याची यादी ही ग्रंथसूची म्हणून वापरण्याची सवय आम्ही लावून घेतली. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा आणि तो १९४३ साली निघाला, दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा. एखादे पुस्तक मिळते की नाही याची दात्यांना चिंता नव्हती. ते झाले होते की नाही, एवढेच ते नोंदवीत होते. वाङ्मयाच्या इतिहासाला ‘झाले होते’ हे क्रियापद लागते, विक्रीला ‘मिळते’ हे लागते. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांनी दाते सूची हातात धरली आहे, हे आम्ही यंदा वर्गात विचारले. एकाने हात वर केला; त्याने ती ग्रंथालयातील कपाट पुसताना पाहिली होती, कमवा आणि शिका योजनेत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२३-२४ पासून बदलले. सत्र पद्धती, श्रेयांक, पत्रिकांची वाढलेली संख्या यांमुळे साहित्यकृती नेमण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा अधिक वेळा येतात, आणि घाईने येतात. ज्या ज्या वेळी घाई असते त्या त्या वेळी तो मोबाइल खिशातून बाहेर निघतो. अशा दहा बैठका झाल्या की मराठी कादंबरीचा इतिहास म्हणून विद्यार्थ्यांपुढे जो येईल तो चार-पाच सशक्त प्रकाशकांच्या चालू साठ्याचा इतिहास असेल. त्यात मोठी नावे सर्व असतील. पण ज्या लेखिकेची एकच आवृत्ती निघाली, ज्या प्रकाशनाचा मालक वारल्यावर ते बंद पडले, जी नियतकालिके वर्ष-दोन वर्षे चालली, त्यांचे काय? मराठी लघुनियतकालिकांची चळवळ तर कोणत्याही दुकानाच्या कोणत्याही यादीत नाही. ती शिकवावयाची नाही काय?

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनाच्या ओघात, शिकविण्यासाठी आवश्यक तेवढ्या छायाप्रती काढणे हे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील अपवादात बसते, असा निर्णय दिला. बाजारात मिळणारे पुस्तक विकत न घेता त्याच्या छायाप्रती काढाव्यात असे आम्ही कधीही म्हणणार नाही; लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पोटावर येणारी ती गोष्ट आहे. परंतु जे पुस्तक कोणीही विकत नाही, त्याच्या छायाप्रती वर्गात वाटल्याने कोणाचे नुकसान होते, हे आम्हांला समजलेले नाही.

बैठकीनंतर आम्ही त्या कादंबरीच्या प्रती शोधल्या. आमच्या महाविद्यालयात नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात एक प्रत होती, पुठ्ठ्याच्या बांधणीतली, शेवटची देवघेव १९९१ ची. ग्रंथपालांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही काढून टाकायच्या यादीत होती. कोणी नेत नाही ना.” आम्ही ती नेली. येत्या सत्रात ती अभ्यासक्रमात नसताना, शनिवारच्या दोन तासिकांत, येतील त्या विद्यार्थ्यांबरोबर वाचणार आहोत. लेखिकेच्या वारसांचा पत्ता शोधणे चालू आहे. प्रकाशन बंद पडलेले दिसते. पुढील बैठक मार्चमध्ये आहे. त्या बैठकीत नेमावयाच्या प्रत्येक पुस्तकापुढे आवृत्ती, वर्ष आणि संपादक लिहिण्याचा एक साधा तक्ता आम्ही तयार केला आहे, आणि त्यात ‘उपलब्धता’ हा रकाना सर्वांत शेवटी ठेवला आहे.